गर्भाशयाची पिशवी काढायचा सल्ला मिळालाय? सही करण्याआधी थोडं बोलू या

रानजाई (धागालेखिका)

गुढीपाडव्याच्या पुढंमागं ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परततात. पाच-सहा महिने अंगावर काढलेली दुखणी मग डॉक्टरांपुढं मांडली जातात. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, पाळी दहा-दहा दिवस थांबत नाही. आणि आमच्या बीड जिल्ह्यात यावर कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळत आलं: पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

2019 साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2015-16) 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नसतील, पण एवढं अंतर वयोगटानं पडत नाही.

मी परिचारिका म्हणून ग्रामीण भागात नोकरी केली, आता गावोगावच्या महिला गटांशी बोलते. बायका ऑपरेशनला तयार का होतात हे मला कळतं. पण आपल्या पोटात काय आहे आणि दर महिन्याला तिथं काय घडतं, हेच कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. ते कळलं की डॉक्टरांना चार प्रश्न विचारता येतात. म्हणून आधी तेवढं लिहिते.

गर्भाशय, म्हणजे आपण म्हणतो ती पिशवी, मूल नसताना जेमतेम साडेसात सेंटीमीटर लांबीची असते. जाड स्नायूंची, पुढं मूत्राशय आणि मागं गुदाशय यांच्या मधे. तिचं खालचं टोक योनीत उतरतं, ते गर्भाशयमुख. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात आणि नळ्यांच्या टोकांशी दोन बाजूंना दोन बीजकोश. पाळीचा कारभार सुरू होतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून. ती एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते, त्यानं बीजकोशातल्या काही बीजांच्या पुटिका, म्हणजे पाण्यानं भरलेल्या बारीक पिशव्या, वाढू लागतात आणि त्यातली बहुधा एकच पुढं जाते. ती वाढताना इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेनमुळं पिशवीचं आतलं अस्तर जाड होतं. मग पिट्युटरीकडूनच एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची एक मोठी लाट येते आणि दीड दिवसाच्या आसपास बीज बाहेर पडतं.

बीज गेल्यावर मागं राहिलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. हे नाव लक्षात ठेवा, कारण पाळीच्या पुष्कळ तक्रारी याच्या अभावातून येतात. प्रोजेस्टेरॉन अस्तराला पक्कं करतं, त्याची बेसुमार वाढ रोखतं. गर्भ राहिला नाही तर साधारण 14 दिवसांत पीतपिंड सुकतो, दोन्ही संप्रेरकं खाली येतात, अस्तराच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अस्तर गळून पडतं. ही पाळी. मोठ्या बाईत 21 ते 35 दिवसांनी आली तर ती वेळेवरच आली. एका पाळीत सगळं मिळून रक्त जातं सरासरी 30 ते 40 मिली. ते साठलेलं, अशुद्ध, विषारी असं काही नसतं.

आता बायकांच्या चाळिशीकडं या. बीज दर महिन्याला सुटेनासं होतं. बीज सुटलं नाही की पीतपिंड नाही, पीतपिंड नाही की प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच. अस्तर वाढत राहतं, पाळी दोन महिने लांबते आणि मग धो-धो सुरू होते, थांबता थांबत नाही. पिशवीला काही झालेलं नसतं, तिला वेळेवर निरोप मिळालेला नसतो. पुष्कळ वेळा तो निरोप गोळीनं देता येतो.

बाकी तुम्ही विचारा. इथं डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी माझं चुकत असेल तिथं दुरुस्त करावं.

फडातली लेक

ताई, मी ऊसतोड्याची पोर. आईची पिशवी काढली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. आता मी शिकून पुण्यात नोकरी करते, म्हणून ज्यांनी उसाचा फड पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर. एकानं दांडी मारली तरी खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पहाटे तीन-चारला उठायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, ना संडास ना मोरी. पाळीत कापड बदलायला आडोसा म्हणजे उसाचाच. कापड धुवायला पाणी आणि वाळवायला ऊन मिळत नाही, ओलंच परत घ्यायचं. मग खाज, पांढरं जाणं, कंबर धरणं हे सगळं पाठोपाठ येतं.

आईला कुणी धरून नेलं नव्हतं. ती स्वतः म्हणाली होती, एकदाचं सुटू द्या. मुकादमाकडून ऑपरेशनला पैसे घेतले, ते पुढच्या हंगामाच्या उचलीत जमा झाले. सुटका झालीच नाही. वर्षाच्या आत तिला अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायला लागलं, रात्री घामानं अंथरूण ओलं, गुडघे-कंबर गेली. बीजकोशही काढलेत हे आम्हाला खूप उशिरा कागद वाचून कळलं. तिला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

शतावरी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सोलापूर भागात काम करते. रानजाईताईंनी मांडलेलं बरोबर आहे, त्याला पुढं जोडते.

फडातली लेक, तुमच्या आईला जे झालं ती शस्त्रक्रियेमुळं एका दिवसात आलेली रजोनिवृत्ती. भारतात बायकांची पाळी सरासरी 46-47 च्या सुमारास जाते, आणि तेव्हाही बीजकोश हळूहळू थकत थकत बंद होतात. तेहतिसाव्या वर्षी दोन्ही बीजकोश काढले की इस्ट्रोजेन एकदम तुटतं. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, योनीमार्ग कोरडा पडतो, झोप आणि मनःस्थिती बिघडते. अशा बाईला, तिला स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास नसेल तर, निसर्गतः पाळी गेली असती त्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणं हा योग्य उपचार आहे. बहुतेकींना तो कधी मिळतच नाही. आईंचं वय आता काय आहे ते कळवा. हाडांची घनता तपासणं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे कुठल्याही वयात करण्यासारखं आहे.

बीजकोश ठेवून नुसती पिशवी काढली तर परिस्थिती बरीच बरी असते. तरी बीजकोशांना होणाऱ्या रक्तपुरवठ्याचा काही भाग पिशवीच्या बाजूनं येतो, त्यामुळं काही जणींचे बीजकोश अपेक्षेपेक्षा काही वर्षं आधी थकतात. म्हणून पस्तिशीच्या बाईला 'तुझं काम झालंय, आता पिशवीचा उपयोग काय' असं सांगणारा डॉक्टर तिला अर्धीच गोष्ट सांगतो.

आता पांढरं जाण्याबद्दल. ही तक्रार घेऊन आलेल्या बाईला मी पिशवी काढ म्हणून कधीच सांगणार नाही. थोडा पारदर्शक स्राव रोज जाणं, बीज सुटायच्या दिवसांत तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणं, हे निरोगी शरीराचं लक्षण आहे. दह्यासारखा, खाजेसह असेल तर बुरशी. माशासारखा वास असेल तर जिवाणूंचा समतोल बिघडलेला. फेसाळ, हिरवट असेल तर ट्रायकोमोनास नावाचा संबंधांतून पसरणारा जंतू, आणि यात नवऱ्यालाही सोबत गोळ्या द्यायला लागतात, नाहीतर महिन्यात पुन्हा तेच. या सगळ्यावर औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. ओटीपोटात दुखणं आणि ताप असेल तर प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण 14 दिवसांचा असतो. तो चार दिवसांत सोडला की दुखणं मुरतं.

मांजराकाठ

नमस्कार. बायकोला (वय 39) पिशवी काढायला सांगितलंय, पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय. धागा वाचून थांबलो. दोन मुलं आहेत, तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. गेली दीड वर्षं पाळी आठ-दहा दिवस जाते, गुठळ्या पडतात, चालताना धाप लागते. सोनोग्राफीत लिहिलंय: अस्तर 12 मिमी, डाव्या बीजकोशात 2.8 सेंमीची गाठ, गर्भाशयमुखावर नॅबोथियन सिस्ट. डॉक्टर म्हणाले, तीन ठिकाणी बिघाड आहे, उशीर करू नका. घरात सगळे घाबरलेत. आई म्हणते, नसबंदी झाली तेव्हापासून पिशवीत रक्त साठत असणार.

इथं विचारणं बरोबर आहे का माहीत नाही, पण कुणाला विचारावं तेही कळेना.

शतावरी

दादा, इथं विचारलंत ते बरंच केलं. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळं निदान करत नाही, पण अहवालातल्या तीन ओळींचा अर्थ सांगू शकते.

ज्या बाईला अजून पाळी येते तिचं अस्तर महिनाभर बदलत असतं. पाळी संपल्यावर 3-4 मिमी, पाळी यायच्या आधी 12 मिमी किंवा त्याहूनही जास्त. म्हणून सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली हे आधी पाहायचं. तो आकडा एकटा घाबरवण्यासारखा नाही. (पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला रक्त गेलं तर गोष्ट वेगळी. तिथं 4 मिमीच्या वरचं अस्तर आणखी तपासावंच लागतं.) बीजकोशातली 2.8 सेंमीची साधी, पाण्यानं भरलेली गाठ म्हणजे बहुधा त्या महिन्याची वाढणारी पुटिका. रानजाईताईंनी वर जिचं वर्णन केलंय तीच. अहवालात 'साधी' असा शब्द आहे ना, तेवढं पाहा. नॅबोथियन सिस्ट म्हणजे गर्भाशयमुखावरच्या ग्रंथीचं तोंड बंद होऊन साठलेला चिकट द्राव. निरुपद्रवी. मुलं झालेल्या कितीतरी बायकांत दिसतो, त्याला उपचारच लागत नाही.

म्हणजे तुम्ही सांगता तसं असेल तर बिघाड म्हणून दाखवलेल्या तिन्ही गोष्टी नेहमीच्या असू शकतात. पण बायकोचा त्रास खरा आहे आणि तो बरा व्हायलाच हवा. धाप लागते म्हणजे हिमोग्लोबिन खाली गेलेलं असणार. ते आणि थायरॉईडची टीएसएच तपासणी आधी करा. थायरॉईड मंदावलं की पाळी जास्त जाते, हे आमच्याकडं रोज दिसतं. तारीख पुढं ढकला. अशा त्रासात महिनाभर थांबल्यानं सहसा काही बिघडत नाही. तासाला एक पॅड भिजायला लागलं किंवा चक्कर येऊन पडल्या, तर मात्र थेट सरकारी दवाखान्यात न्या.

रानजाई

मांजराकाठ दादा, आईंच्या शंकेचं मी सांगते, कारण ही समजूत आमच्याकडं घरोघरी आहे. नसबंदीत फक्त दोन नळ्या बंद करतात. बीजकोश, पिशवी, त्यांचे रक्तपुरवठे जागच्या जागी राहतात. बीज सुटत राहतं आणि पोटातच विरघळून जातं. पाळीचं रक्त नळ्यांतून येत नाही, पिशवीतून योनीमार्गे बाहेर पडतं, त्यामुळं ते साठायला जागाच नाही. आईंना हे शांतपणे समजावा, त्यांचा जीव सुनेसाठीच तुटतोय.

याच समजुतीला जोडून दुसरी येते. आपल्याकडं लग्न अठराच्या आत-बाहेर, वीस-बावीसला दोन-तीन मुलं, लगेच नसबंदी. मग पंचविशीतल्या बाईला सगळे म्हणतात की आता पिशवी रिकामीच आहे. त्यानंतर तिच्या शरीराला इस्ट्रोजेन लागणारी वीस वर्षं उरलेली असतात, ती कुणी मोजत नाही.

कासारवाडी

माझं मत थोडं वेगळं आहे. मी सेहेचाळिसाव्या वर्षी पिशवी काढून घेतली. बीजकोश ठेवले. फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूतली साधी गाठ) बारा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढं वाढलं होतं, हिमोग्लोबिन सहाच्या घरात, दोनदा रक्त चढवलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शन झाली. ऑपरेशननंतर मला आयुष्य परत मिळालं. असे धागे वाचून ज्या बायकांना खरोखर ऑपरेशन हवंय त्या घाबरतात आणि वर्षानुवर्षं रक्त गमावत बसतात. तेही लिहायला हवं.

शतावरी

कासारवाडीताई, पूर्ण सहमत. मी स्वतः हे ऑपरेशन करते. मोठं किंवा वाढत जाणारं फायब्रॉइड आणि औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, ॲडेनोमायोसिसच्या (अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरण्याच्या आजाराच्या) असह्य वेदना, पिशवी पूर्ण खाली उतरणं, अस्तराचा किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर, अशा वेळी ते गरजेचं असतं आणि ते वेळेवर व्हावं. तुमच्या बाबतीत पायऱ्या चढून शेवटच्या पायरीवर पोचल्यावर निर्णय झाला. बीडच्या बायकांची तक्रार ही की त्यांना पहिल्याच पायरीवरून थेट वर नेलं.

मधल्या पायऱ्या सांगते. पाळीच्या दिवसांत घ्यायची ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी रक्तस्राव साधारण निम्म्यावर आणते, ती संप्रेरक नाही. पोटदुखीसाठी मेफेनॅमिक ॲसिड चालतं, कारण अस्तर गळताना तयार होणारे प्रोस्टाग्लॅंडिन ते कमी करतं, आणि कळा त्यांच्यामुळंच येतात. बीज सुटत नसेल तर महिन्यातून ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. आणि मला सर्वांत भरवशाची वाटते ती लिव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध असलेली तांबी. साध्या तांबीनं पाळी वाढते, हिच्यानं उलट 80-90 टक्क्यांपर्यंत घटते, कारण औषध जिथं हवं तिथंच, पिशवीच्या अस्तरावर, रोज थोडं थोडं सुटतं. बाह्यरुग्ण विभागात पाच-दहा मिनिटांत बसवता येते, पाच वर्षं चालते. पहिले तीन-चार महिने अधूनमधून डाग पडतात, ते आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून काढून घ्यायला येते. खर्च काही हजारांत. एरवी ऑपरेशनला कर्ज काढणाऱ्या घराला हा पर्याय कुणी सांगायचा?

चाळिशीच्या पुढच्या बाईला जास्त रक्त जात असेल तर अस्तराचा छोटा तुकडा घेऊन तपासायला पाठवायलाच हवा. कॅन्सरची भीती खरी आहे की नाही ते त्यातून कळतं. नुसत्या सोनोग्राफीवर कॅन्सरचं नाव घेऊन कुणाला टेबलावर घेऊ नये.

वेदवती

कॅन्सरचा विषय निघाला म्हणून. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्याकडं बायकांचा जीव घेतोच, त्यामुळं भीती अनाठायी नाही. पण तो टाळायचा रस्ता पिशवी काढण्यातून जात नाही.

बीडच्या शेजारी उस्मानाबाद, आताचं धाराशिव. तिथल्या गावांमध्ये 1999 पासून जगातली एक महत्त्वाची चाचणी झाली, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागानं. गावांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 निरोगी बायका. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुष्यात एकदाच एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच मातीतल्या बायकांनी जगाला ही माहिती दिली, आणि त्यांच्याच शेजारच्या तालुक्यांत कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या गेल्या. मला हे वाचून फार वाईट वाटतं.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची तपासणी होते. पांढरा डाग दिसला तर तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णतेनं जाळून काढता येतो, पिशवी जागेवर राहते. आणि मुलींसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीविरोधी सर्व्हाव्हॅक लस आहे.

शतावरी

वेदवती, छान लिहिलंत. एक भर. 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' हे वाक्य ऐकून कितीतरी बायका माझ्याकडं रडत आल्यात. बहुतेक वेळा ती जखम नसते. गर्भाशयमुखाच्या आतली लालसर नाजूक त्वचा थोडी बाहेर आलेली असते, तरुण वयात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे नेहमीचं आहे. पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन करायची) किंवा ॲसिटिक ॲसिडची तपासणी ठीक असेल आणि त्रास नसेल तर तिला हातही लावायचा नाही. संबंधांनंतर रक्त जात असेल तर मात्र तपासणी चुकवू नका.

पाटोदेकर

कायद्याचं थोडं. मी वकिली करतो.

'समीरा कोहली' खटला, सर्वोच्च न्यायालय, 2008. 44 वर्षांची बाई दुर्बिणीनं फक्त तपासणी करून घ्यायला गेली. ती बेशुद्ध असताना बाहेर आईची संमती घेऊन तिची पिशवी, नळ्या आणि बीजकोश काढले. न्यायालयानं स्पष्ट केलं: तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती नव्हे, आणि शुद्धीवर आल्यावर विचारता येत असेल तर सज्ञान बाईच्या वतीनं आई किंवा दुसऱ्या कुणी दिलेली संमती चालत नाही. डॉक्टरांना फी नाकारली आणि 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम लहान आहे, पण तत्त्व मोठं आहे. नवऱ्याच्या सहीलाही हेच लागू होतं, सही बाईची हवी आणि तिला कळलेल्या भाषेत हवी.

दुसरं, बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक ऑपरेशनांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांची जनहित याचिका होती. तिच्यावर एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा असे आदेश राज्यांना मिळाले. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. बीडमध्ये तर 2019 च्या प्रकरणानंतर खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली.

तिसरं, आपली कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत मिळाली पाहिजेत असा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे. फडातली लेक, आईच्या ऑपरेशनचे कागद असतील तर जपून ठेवा. काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी अहवाल आहे का तेही पाहा.

फडातली लेक

पॅथॉलॉजीचा कागद नाही दादा. फक्त बिल आणि डिस्चार्ज कार्ड आहे.

शतावरी डॉक्टर, आई आता एक्कावन्न वर्षांची आहे. कंबर वाकली आहे, पण फडावर जाणं बंद केलंय, मीच जाऊ देत नाही.

शतावरी

मग आता नव्यानं इस्ट्रोजेन सुरू करण्याचा विचार हाडांचा अहवाल पाहून करू. हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन पुण्यात सहज होतं, तुमच्याकडं आल्या की करून घ्या. हाडं ठिसूळ निघाली तर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते. योनीमार्गाचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ असेल तर बायका ते कुणालाच बोलत नाहीत, तुम्ही विचारा. त्यावर लावायचं मलम मिळतं आणि एक्कावन्नाव्या वर्षीही ते चांगलं काम करतं.

नीलमोहर

वारी, श्रावणातल्या पूजा, लग्न, परीक्षा यासाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. हंगामात ऊसतोड बायकाही घेतात असं ऐकलंय. त्यानं पिशवी खराब होते का?

शतावरी

त्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीच्या. पीतपिंड सुकला तरी अस्तराला आधार मिळत राहतो, म्हणून पाळी थांबते. पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. वर्षातून एखाददा घेतल्यानं पिशवीचं काही बिघडत नाही. पण पायाच्या शिरांत गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली किंवा अर्धशिशीत डोळ्यांपुढं चमक येणारी बाई असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि दर महिन्याला, मुकादमाची कटकट नको म्हणून, औषधाच्या दुकानातून आणून घेणं चूकच. त्या बाईला गोळीऐवजी दोन दिवसांची रजा, पाणी आणि आडोसा द्यायला हवा.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. तारीख रद्द केली. हिमोग्लोबिन 7.6 आणि टीएसएच 14 आलंय. सोनोग्राफी पाळीच्या आधी चार दिवस केली होती हे बायकोनंच आठवून सांगितलं, आणि अहवालात गाठीपुढं 'साधी' असं लिहिलेलं आहे. आता अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं ठरवलंय. तिथं काय विचारू?

शतावरी

थायरॉईड मंदावलेलं दिसतंय. गोळी सुरू होईल, ती सकाळी उपाशीपोटी, आणि लोहाची गोळी तिच्यापासून किमान चार तासांनी. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी लागू पडत नाही. साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच परत तपासतात. तोवर पाळीत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड चालेल का ते विचारा, गर्भाशयमुखाची तपासणी त्याच भेटीत करून घ्या, आणि अस्तराचा तुकडा तपासायची गरज आहे का ते तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या. 7.6 वर लोह शिरेतून देता येतं, त्यानं धाप लवकर कमी होते, तेही विचारा.

रानजाई

दादा, वहिनींनाच बोलू द्या, तुम्ही सोबत बसा. शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस गेली आणि दिवसाला किती पॅड लागले हे कागदावर लिहून न्या, डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं. आधीची सोनोग्राफी आणि नसबंदीचा कागदही फाईलमध्ये घाला. केसपेपर सकाळी लवकर काढा, गर्दी फार असते. अडचण आली तर मला इथंच निरोप टाका.